सायीचे चोर

आमच्या बेळगावात गवळी दारात येऊन मापानं पातेल्यात दूध घालायचा, आणि त्यात पाणी किती यावर रोजची हुज्जत व्हायची. 1979 साली ह्यांच्या नोकरीमुळे लेस्टरला बिऱ्हाड केलं. तिथला दूधवाला पहाटे काचेच्या बाटल्या दारात ठेवून गुपचूप निघून जाई. मला त्याचं कोण कौतुक!

आठवड्याभरात एका बाटलीचं चंदेरी झाकण फाटलेलं आणि वरची साय गायब. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारच्या सात-आठ वर्षांच्या पोरावर माझा वहीम गेला, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्याच्या आजीला तसं ऐकवलंही.

आजीबाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी मला खिडकीशी उभं केलं. निळ्या टोपीचा, पिवळ्या पोटाचा, 11 ग्रॅमच्या आसपास वजनाचा ब्लू टिट बाटलीच्या तोंडावर बसून झाकणाचा पातळ पत्रा सोलत होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या चोरीला चांगला जुना इतिहास आहे. पहिली नोंद 1921 सालची, साउदॅम्प्टनजवळच्या स्वेदलिंगची. पुढे जेम्स फिशर आणि रॉबर्ट हाइंड यांनी ठिकठिकाणच्या लोकांकडून माहिती जमवून ती 1949 साली ‘ब्रिटिश बर्ड्स’ मासिकात मांडली. हे पाखरू जन्मठिकाणापासून सहसा फार लांब जात नाही, तरी चोरी मात्र दूरदूरच्या गावांत होत होती. म्हणजे जागोजागी कुणा एकाला युक्ती सुचली असावी आणि बाकीच्यांनी ती उचलली असावी, असा कयास निघाला. 2015 साली ऑक्सफर्डजवळच्या वायथम रानातल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथं ब्लू टिटचा थोरला भाऊबंद ग्रेट टिट खाण्याच्या पेटीचं दार सरकवायला इतरांकडून शिकला. दार दोन्ही बाजूंनी सरकत होतं, तरी बहुतेकांनी आपल्या टोळीचीच बाजू धरली. आमच्याकडे पुरणपोळी दुधाशी की कटाशी, यावरून घराणी ओळखतात, तसंच हे!

चोर दूध पीत नव्हते, साय खात होते. दुधातली साखर पाखरांना पचत नाही. सायीत ती कमी असते. पुढे साय वर न येणारं दूध आलं, मग बिनसायीचं, मग दुकानातले प्लॅस्टिकचे कॅन. चोरांचा धंदाच बसला.

त्या पोराची सरळ माफी मागायचं धाडस मला झालं नाही. बेसनाचे लाडू तेवढे नेऊन दिले. त्यानं आधी वास घेतला, तिखट नाही ना असं विचारलं, आणि मग दोन खाल्ले. आजीबाईंनी मला दह्याचे रिकामे पेले दिले, बाटल्यांवर उपडे घालायला. मी ते एक दिवसाआड घालीत असे.

2019 साली मुलीकडे गेले, तर तिच्या दारात बाटली नव्हतीच. परसात शेंगदाण्यांची जाळी टांगलेली, आणि तिला उलटा लटकलेला ब्लू टिट.