चार मिनिटांचा ‘बोलेरो’

कलाकृतीला कात्री लावलेली रसिकाला सहसा रुचत नाहीं. ज्या रचनेचा प्राणच तिच्या दीर्घतेंत सांठविलेला आहे, ती कोणी चतुर्थांश करून सभेपुढें मांडली तर ती विटंबनाच होय, असें आमचें मत होतें. फिगर स्केटिंगच्या, म्हणजे बर्फावरील नृत्यक्रीडेच्या, इतिहासांतील एका प्रसंगानें त्या मताला मुरड घालावी लागली.

ही क्रीडा प्रथम पोलादी पात्यांनीं बर्फावर बिनचूक आकृति कोरण्यांत धन्यता मानीत असे. १८६० नंतरच्या दशकांत जॅक्सन हेन्स या अमेरिकन कलावंतानें व्हिएन्ना नगरींत वाल्ट्झच्या सुरांवर घसरत नृत्य करून दाखविलें, आणि तिच्यांत संगीताचा प्रवेश झाला. पण स्पर्धेच्या घरीं संगीत हें पाहुणें, यजमानपण घड्याळाकडे.

मॉरिस राव्हेलचा ‘बोलेरो’ २२ नोव्हेंबर १९२८ रोजीं पॅरिसच्या ऑपेरागृहांत प्रथम सादर झाला. नर्तकी इडा रुबिनस्टाइन हिच्यासाठीं तो रचिलेला होता. एक लहानसा ढोल एकच ठेका अखंड धरून ठेवतो. त्याच सुरावटी एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जातात. आवाज मात्र हळूहळू चढत जातो. सुमारें पंधरा मिनिटें हा संयम चालतो, आणि अखेरीस अकस्मात् स्वरपालट होऊन सारा डोलारा कोसळतो. ही वाढच तोडली तर उरावें काय?

इंग्लंडांतील नॉटिंगहॅमच्या जेन टॉरव्हिल व ख्रिस्तोफर डीन यांच्यापुढें हाच पेंच होता. नियमानें नृत्याला चार मिनिटें दहा सेकंदांची मर्यादा; आणि संगीत कितीहि आटविलें तरी तें चार मिनिटें अठ्ठावीस सेकंदांच्या खालीं येईना. मात्र कालगणना पात्यांनीं स्केटिंगला आरंभ केल्यापासून होत असे. म्हणून १४ फेब्रुवारी १९८४ रोजीं, सारायेव्हो येथील ऑलिंपिकमध्यें, झेत्रा सभागृहांत दोघांनीं गुडघे टेकून आरंभ केला. सुमारें अठरा सेकंद देह डोलत होते आणि पातीं स्तब्ध होतीं. कलात्मक प्रभावासाठीं नऊहि परीक्षकांनीं सहापैकीं सहा गुण दिले, आणि सुवर्णपदक त्यांचें झालें.

ही नियमांतील पळवाट खरी. पण पंधरा मिनिटांचा जो संयम कात्रीनें हिरावला होता, त्याचा अर्क त्या अठरा सेकंदांच्या स्तब्धतेंत उतरला. आमच्या गवयांनींहि तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांत राग बसविले. कांहींच्या हातीं रागाचा चुरा झाला, कांहींनीं त्याचें अत्तर काढलें. कात्री तीच; हात निराळे.

पुढें १९९२ पासून सारायेव्होला वेढा पडला आणि झेत्रा उद्ध्वस्त झालें. १९९९ मध्यें तें पुन्हां उभें राहिलें. २०१४ च्या फेब्रुवारींत पन्नाशी ओलांडलेले टॉरव्हिल व डीन तेथें आले आणि त्यांनीं तोच ‘बोलेरो’ पुनः सादर केला. या वेळीं गुण देणारें कोणी नव्हतें, आणि घड्याळाचीहि सत्ता नव्हती. तरीहि त्यांनीं गुडघे टेकूनच आरंभ केला. नियमापोटीं जन्मलेली ती स्तब्धता एव्हांना त्या नृत्याचेंच अंग होऊन बसली होती.