तैगातील मैत्री आणि कुरोसावांचे पुनरागमन

२२ डिसेंबर १९७१ रोजी अकिरा कुरोसावा यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. ‘राशोमोन’ आणि ‘सेव्हन सामुराई’ घडवणारा हा दिग्दर्शक तेव्हा ६१ वर्षांचा होता. हॉलिवूडच्या ‘तोरा! तोरा! तोरा!’मधून त्यांना दूर करण्यात आले होते. १९७० सालचा ‘दोदेसुकादेन’ तिकीटबारीवर कोसळला होता. जपानी निर्माते त्यांच्यावर पैसा लावायला धजावत नव्हते.

हात पुढे आला तो मॉस्कोहून. सोव्हिएत सरकारच्या मॉसफिल्म या संस्थेने १९७३ मध्ये त्यांच्याशी करार केला. विषय कुरोसावांच्याच मनातला होता. व्लादिमीर आर्सेन्येव यांचे ‘देर्सू उझाला’ त्यांनी तरुणपणीच वाचले होते. ती कथा होक्काइदो बेटावर आणून चित्रपट करण्याचा बेतही केला होता; तो तडीस गेला नव्हता.

आर्सेन्येव हे झारच्या सैन्यातील अधिकारी. मांचुरियाची सीमा आणि जपानचा समुद्र यांमधील उसुरी प्रदेशाचा नकाशा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या अरण्यात त्यांना वाटाड्या म्हणून लाभला देर्सू, गोल्ड (आजच्या नावाने नानाई) जमातीचा एकाकी शिकारी. त्याची बायको-मुले देवीच्या साथीत गेली होती. अग्नी, पाणी, वाघ, सारी त्याच्या लेखी ‘माणसे’च.

देर्सूच्या भूमिकेसाठी तोशिरो मिफुने यांचे नाव निघाले होते, पण ते जमले नाही. ती तुवा प्रांतातील नट मक्सिम मुंझुक यांच्याकडे गेली, आणि हे भाग्यच म्हणायचे. आर्सेन्येव झाले युरी सोलोमिन. मोजके जपानी सहकारी, बाकी सारा ताफा रशियन, दिग्दर्शकाला भाषा अनोळखी. तैगाच्या जंगलात, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, ७० मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रीकरण चालले. पकडून आणलेला रानटी वाघ कॅमेऱ्यापुढे काही करीना. अखेर सर्कशीतला वाघ आणावा लागला.

खांका सरोवरावरचा प्रसंग मात्र नुसता पाहावा असा आहे. वाऱ्याने पाऊलखुणा पुसल्या आहेत, सूर्य बुडतो आहे. देर्सूच्या सांगण्यावरून दोघे वेड्यासारखे गवत कापत सुटतात. आर्सेन्येव थकून कोसळतात. मोजणीच्या यंत्राची तिपाई उभी करून देर्सू तिच्याभोवती गवताचे खोपटे रचतो. संवाद जेमतेम. कुरोसावांची ओळख असलेला वेगवान कॅमेरा इथे बहुतेक दूरच उभा राहतो, माणसे ठिपक्याएवढी दिसतात. उत्तरार्ध संथ वाटतो हे खरे; पण दृष्टी अधू झालेल्या देर्सूला खाबारोव्स्क शहरात घुसमटताना दाखवायला तो संथपणाच हवा होता.

निरोप घेताना आर्सेन्येव त्याला नवी कोरी बंदूक देतात. चित्रपटात तीच त्याच्या जिवावर उठते. प्रत्यक्षातील देर्सूचा खून १९०८ साली खाबारोव्स्कजवळ झाला.

१९७५ मध्ये मॉस्को महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण पारितोषिक मिळाले. १९७६ मध्ये सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचे ऑस्करही मिळाले, ते सोव्हिएत संघाच्या नावावर. त्या वर्षी त्याच विभागात जपानचाही एक चित्रपट नामांकित होता: केइ कुमाई यांचा ‘सांदाकान क्र. ८’. तो हरला.