मुडदूस, नाशिक आणि घरातला अंधार

गेल्या वर्षी पहिलीच्या वर्गात एक मुलगी आली. पाय धनुष्यासारखे वाकलेले. "नजर लागली, मॅडम," तिची अम्मी म्हणाली. घर दोन इमारतींमधल्या बोळात, दिवसाही दिवा लावावा लागतो. डॉक्टरांनी मुडदूस सांगितला.

मला नाशिकचा जुना अभ्यास आठवला. हचिसन आणि शाह यांनी केलेला हा अभ्यास १९२२ साली प्रसिद्ध झाला. मुडदूस कशाने होतो, यावर तेव्हा वैद्यकात वाद होता. १९१९ साली इंग्लंडात एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून आहारातली उणीव दाखवली; कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने आजार टळत होता. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुलं बरी केली. मग खरं कारण कोणतं, आहार की ऊन?

नाशिकमध्ये वेगळंच चित्र दिसलं. गरीब कष्टकऱ्यांच्या मुलांचं खाणं बेताचंच, पण ती उघड्यावर, उन्हात वाढत. त्यांच्यात मुडदूस दिसला नाही. तो आढळला पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत, जिथे तान्ही मुलं आईसोबत आतल्या खोल्यांत राहत. ही घरं मुसलमानांची होती, तशीच उच्चवर्णीय हिंदूंचीही.

म्हणून या अभ्यासावरून आपल्याला कुणी टोमणे मारू नयेत. पण टोमण्यांच्या भीतीने आपणही तो झाकून ठेवू नये.

पुढे उलगडलं ते असं: उघड्या त्वचेवर ऊन पडलं की शरीर ड जीवनसत्त्व तयार करतं. ते नसेल तर आतडी अन्नातलं कॅल्शियम नीट शोषत नाहीत आणि वाढती हाडं मऊ राहतात. जेवणात कॅल्शियमच नसेल, तर नुसतं ऊनही पुरत नाही. बंद खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग नाही. काच ते किरण अडवते.

माझी नानी तेल लावून बाळाला अंगणात घेऊन बसायची. आज अंगण नाही, गच्चीला कुलूप आहे आणि मुलांच्या हातात मोबाइल आहे.

त्या अम्मीला मी एवढंच म्हणाले, "तावीज राहू द्या, पण डॉक्टरांचं औषध चुकवू नका. नाचणी, दूध, अंडं द्या आणि रोज थोडा वेळ मुलीला उन्हात खेळू द्या." मग आम्ही दोघी गच्चीची किल्ली मागायला गेलो. ती मिळायला तीन आठवडे लागले.

तुमच्या इमारतीच्या गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, तेवढं एकदा विचारा.