मॉडेलाधारित पद्धतीरचना

सॉफ्टवेअर घडवण्याची कार्यपद्धती आधी मॉडेलच्या रूपात मांडायची आणि त्या मॉडेलवरून तिला लागणारी संगणकीय साधने उभी करायची, या तंत्राला मॉडेलाधारित पद्धतीरचना म्हणतात. पद्धतीरचनेची शाखा १९९० च्या दशकात आकाराला आली. तिची व्याख्या करणारा श्याक ब्रिंकेम्पर यांचा १९९६ चा निबंध आजही आधाराला घेतला जातो. एकच पद्धत सगळ्या प्रकल्पांना पुरत नाही, हे या शाखेचे मूळ म्हणणे.

चोपडा शहरातील एखाद्या कापूस जिनिंगसाठी दोघे जण कापूस खरेदीचा प्रोग्राम लिहीत आहेत असे समजा. मालकाशी बोलायचे, काट्यावर उभे राहून भरल्या आणि रिकाम्या गाडीचे वजन कसे नोंदवतात ते पाहायचे, काटापावतीचा नमुना मंजूर करून घ्यायचा आणि मग कोड लिहायचा. एवढी पद्धत त्यांना पुरते. बँकेच्या कामाला ती पुरणार नाही. जिनिंगच्या या पद्धतीच्या मॉडेलमध्ये मालक ही भूमिका, नमुना मंजूर करणे हे काम आणि मंजूर पावती ही त्या कामातून निघणारी वस्तू. भूमिका, काम व वस्तू यांचे नाते कसे असावे हे मेटामॉडेल, म्हणजे मॉडेलचे मॉडेल, ठरवते. त्यामुळे एखाद्या कामाला लागणारी वस्तू आधी कोणीच तयार करत नसेल, तर ही चूक कोड लिहिण्यापूर्वीच सापडते. या तंत्राचा खरा लाभ मला इथेच दिसतो.

अशा मेटामॉडेलांपैकी ओएमजी संस्थेचे स्पेम (२००२, दुसरी आवृत्ती २००८) आणि आयएसओ/आयईसी २४७४४ (२००७) ही प्रमुख मानके. स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या तंत्रविद्यापीठात स्पेममध्ये लिहिलेल्या पद्धतीवरून तिची साधने जुळवण्याचे काम झाले.

महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण पुण्याचे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या तेथील टीआरडीडीसी (स्थापना १९८१) या संशोधन केंद्रात विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडेलवरून व्यावसायिक सॉफ्टवेअरचा कोड तयार करणारी साधने विकसित केली. ती मास्टरक्राफ्ट या नावाने ओळखली जातात. प्रत्येक ग्राहकाचे तंत्रज्ञान आणि रचना वेगळी, म्हणून कोड काढणारे साधनही दर वेळी बदलावे लागे. तेव्हा त्यांनी ही साधनेच सुट्या भागांतून जुळवायला घेतली. मास्टरक्राफ्टमधून निघते ते मुख्यतः सॉफ्टवेअर, पद्धत नव्हे. तरीही साधन घडवण्याचे कामच मॉडेलखाली आणणारा हा विचार पद्धतीरचनेच्या अगदी शेजारचा आहे. मॉडेलचे रूपांतर करण्याच्या क्यूव्हीटी या ओएमजी मानकाच्या (२००८) घडणीतही टाटा कन्सल्टन्सीचा सहभाग होता.

मॉडेल चालू कामाबरोबर बदलत ठेवणे हा यातला सर्वांत अवघड भाग. ऐन आवकेत जिनिंगचा मालक पावतीवर ओलाव्याची कपात दाखवायला सांगतो, घाईत ती थेट कोडमध्ये घातली जाते, मॉडेल तसेच राहते, आणि पुढच्या हंगामात साधन पुन्हा जुनाच नमुना मंजुरीला काढते.