बाह्यरुग्ण विभागातील अर्धवेळ बाल-कुटुंब समुपदेशक

मुलाच्या वर्तनाची तक्रार घेऊन समुपदेशकाकडे जाणे ही आता केवळ महानगरांतील बाब राहिलेली नाही. या कामाची पायाभरणी मात्र शहरांतच झाली. १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने ‘आयपीएच’ ही संस्था उभी राहिली. १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला सुरवात झाली, तरी केवळ मुलांसाठी काम करणारा पूर्णवेळ तज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी मिळणे दुर्मीळच. आठवड्यातून एक-दोन दिवस येणारा अर्धवेळ समुपदेशक ही पोकळी काही अंशी भरून काढतो.

बारामती तालुक्यातील नीराकाठच्या सांगवीसारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. परिसर उसाचा. मुलाला घेऊन बारामतीला यायचे तर घरातल्या एकाची दिवसभराची मजुरी बुडते. गाळपाच्या हंगामात तर ठरलेली भेट हमखास चुकते. याला पालकांची अनास्था म्हणणे अन्यायाचे ठरेल. वेळापत्रकच त्यांच्या सोयीने आखायला हवे.

तक्रार बहुधा शरीराच्या भाषेत येते. परीक्षेच्या सकाळी पोट दुखते, शाळेची वेळ झाली की उलटी होते. अंथरूण ओले करणे हे तर घराने लपविलेले दुखणे. पाच वर्षांखालील मुलात तो विकार मानला जात नाही. मोठ्या मुलाबाबत आधी लघवीचा संसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता यांची तपासणी बालरोगतज्ज्ञाकडून व्हावी लागते. त्यानंतर कोरड्या रात्रींची नोंद, झोपण्यापूर्वी लघवीला जाण्याची सवय आणि मुख्य म्हणजे मार व टोमणे थांबविणे, असा क्रम असतो. येथेच कुटुंबाचा प्रश्न येतो. मुलाला प्रत्यक्षात आजी सांभाळत असेल, तर आई-वडिलांना दिलेला सल्ला घरच्या उंबरठ्यावरच विरतो. म्हणून दुसऱ्या भेटीला आजीलाही बोलवावे. मुलाशी स्वतंत्रपणे, चित्रांतून व खेळातून बोलावे.

पात्रतेबाबत ग्रामीण भागात बराच गोंधळ दिसतो. मानसशास्त्रातील एम.ए. झालेली प्रत्येक व्यक्ती ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ नसते. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेली अर्हता लागते. औषधे लिहिण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही.

गोपनीयता हा सर्वांत नाजूक भाग. बाकावर शेजारी बसलेली व्यक्ती भावकीतलीच निघते! मात्र गोपनीयतेला कायद्याची मर्यादा आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार ती पोलिसांना वा विशेष बाल पोलिस पथकाला कळविणे बंधनकारक असून, न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावी. ती नंतर सांगितली, तर मुलाला ती फसवणूक वाटते.

अर्धवेळ कामाची खरी कसोटी समुपदेशक नसलेल्या दिवशी लागते. संकट त्याचा वार पाहून येत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ सेवा (१४४१६) आणि बालसाहाय्य क्रमांक १०९८ हे दोन्ही पुढील भेटीच्या चिठ्ठीवर लिहून द्यावेत. घरात जिवाला धोका वाटला, तर थेट रुग्णालयात यावे, हेही बजावावे. त्या दिवशी हजर असणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला अशा मुलाची पूर्वकल्पना दिलेली असावी.