काचपेटीतील दांडगा मासा : पकडावा कसा, सोडावा कोठे?

समुद्र शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नांदेड वा लातूरमध्ये सागरी माशांची काचपेटी राखणे ही खर्चिक हौस होय. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१पासून भारतीय समुद्रातील प्रवाळांना वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. त्यामुळे घरच्या पेटीत कृत्रिम प्रवाळ आणि दगडांची रचनाच करावी लागते. मासा पकडताना अडचण येते ती याच रचनेची.

उपद्रव बहुधा डॅमसेल जातीच्या माशाचा असतो. स्वस्त आणि काटक म्हणून नवखे हौशी तो सर्वांत आधी आणतात. एखादी कपार बळकावून मग तो नंतर आलेल्या प्रत्येकावर तुटून पडतो. फाटलेले पर, कोपऱ्यात दबून राहणारा आणि खाद्याकडेही न फिरकणारा मासा, ही त्याची लक्षणे. पर रोगानेही झडतात. म्हणून दोषी ठरवण्यापूर्वी अर्धा तास पेटीसमोर बसून पाहावे. दगडांची मांडणी बदलल्यास हद्दी मोडतात आणि कधी कधी भांडण तेवढ्यावरच मिटते.

तसे न झाल्यास मासा काढावाच लागतो. हाती जाळी घेऊन पाठलाग करणे मात्र व्यर्थ. दांडगा कपारीत शिरतो, धास्तावतात ते इतर मासे. त्यापेक्षा सापळा बरा. प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवावा, म्हणजे नरसाळ्यासारखे तोंड तयार होते. बाटलीला बारीक छिद्रे पाडून, आत खडा ठेवून ती त्याच्या हद्दीजवळ बुडवावी. दोन-चार दिवस खाद्य सापळ्याच्या आसपास आणि नंतर केवळ आत टाकावे. घाई केल्यास चुकीचा मासा अडकतो. दुसरा मार्ग रात्रीचा. दिवे मालवून काही तास लोटले की मासा ठरलेल्या कपारीत निपचित असतो; विजेरीच्या उजेडात दोन जाळ्यांनी त्याला अलगद घेरता येते.

पाणी उपसून दगड बाहेर काढणे हा शेवटचा उपाय. त्यापूर्वी पंप आणि हीटर बंद करावेत. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडल्यास त्याची काच तडकते. उपसलेले पाणी स्वच्छ पिंपात साठवून तेच परत भरावे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार लागतात, म्हणजे १०० लिटर ओतून दिले तर साडेतीन किलो क्षार वाया. शिवाय एक लिटर आरओ पाणी मिळवताना त्याहून अधिक पाणी सांडते. एप्रिल २०१६मध्ये ज्या लातूरची तहान मिरजेहून आलेल्या रेल्वेने भागवली, तेथे ही उधळपट्टी शोभणारी नाही.

पकडलेला मासा झाकण असलेल्या बादलीत, पेटीतल्याच पाण्यात ठेवावा. डॅमसेल उडी मारतो. हवेचा छोटा पंप सोबत हवा. त्यानंतर दुकानदाराला परत करणे, दुसऱ्या हौशीला देणे किंवा स्वतंत्र पेटी, एवढेच पर्याय उरतात. गोदावरीत सोडणे ही भूतदया नव्हे. गोड्या पाण्यात सागरी माशाच्या शरीरात पाणी शिरत राहते, क्षार निघून जातात आणि तो तडफडून मरतो.

गोड्या पाण्याची पेटी बाळगणाऱ्यांचा प्रश्न याच्या उलट आहे. त्यांनी कंटाळून सोडलेला मासा मरत नाही, फोफावतो. काच साफ करतो म्हणून आणलेला आणि हातभर वाढल्यावर नकोसा झालेला सकर मासा हे त्याचे ठळक उदाहरण. आंध्र प्रदेशातील जलाशयांत त्याचे काटेरी अंग मच्छीमारांची जाळी फाडते. त्याला विकत घेणाराही मिळत नाही. खाद्यासाठी आणलेल्या परदेशी मागुरवर तर केंद्राने २०००मध्येच बंदी घातली, तरीही तो चोरून पाळला जातो. मांजरा लातूर जिल्ह्यातून वाहत पुढे तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला मिळते. तिच्यात पडलेला मासा कोणत्याही सापळ्याने परत काढता येत नाही.