माळ्यावरचे रुमाल

दिवाळीच्या आधी घर काढायचे, जळमटे झाडायची, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासायची, हा क्रम मराठी घरांत सगळीकडे सारखाच. मग ते घर बेळगावच्या गल्लीत असो, इंदूर-ग्वाल्हेरकडे असो की बडोद्यात असो. या साफसफाईत भांडी, कपडे, गाद्या हातावेगळ्या होतात. अडते ते एकाच ठिकाणी. माळ्यावर किंवा पत्र्याच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी असतात. घरातला कर्ता पुरुष एखादे उचलतो, धूळ झटकतो, "राहू दे, कामाचे असतील," म्हणतो आणि होते तिथेच ठेवतो. पुढच्या पिढीतही हेच. कागद कोणते, कशाचे, हे कुणालाच ठाऊक नसते. टाकवत मात्र नाहीत.

या भीतीची मी पुष्कळ दिवस गंमत करीत असे. पण ती वेडी भीती नव्हे; तिला इतिहास आहे, आणि तो मुख्यतः आपल्याच मुलखातला आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा दक्षिण महाराष्ट्र म्हणजे आजचे बेळगाव-धारवाडकडील जिल्हे इनामांनी, वतनांनी भरलेले होते. देवस्थानाची इनामे, जोशीपण, कुलकर्णीपण, देशपांडेपण, कुणाला पूर्वजाच्या पराक्रमाबद्दल मिळालेली जमीन. नव्या सरकारला सारा बुडतो आहे असे वाटू लागले. इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. कमिशनपुढे प्रश्न एकच असे: सनद कुठे आहे? बापजाद्यांपासून जमीन खातो, सारा गाव जाणतो, एवढ्यावर भागत नसे. ज्याच्याकडे कागद त्याची जमीन राहिली. ज्याचा कागद वाळवीने खाल्ला, आगीत गेला किंवा भाऊबंदकीत कुणी पळवला, त्याचे इनाम खालसा होण्याची पाळी आली. खुद्द पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागदही या चौकशीत ताडून पाहिले जात. त्या काळातल्या म्हाताऱ्याने मरताना मुलाला "दागिने गेले तर चालतील, रुमाल सांभाळ" असे सांगितले असेल, तर त्यात नवल ते काय!

रुमाल हा शब्द इथे खिशातला नव्हे. जाड कापडाचा चौकोनी तुकडा, त्यात कागद ठेवून चारी टोके बांधायची, म्हणजे रुमाल झाला. असे रुमाल मिळून दप्तर. शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणतो ते इथूनच आले.

सीमाभागात या भीतीवर आणखी एक थर चढला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६३ साली कन्नड ही राज्याची राजभाषा करणारा कायदा झाला आणि कचेरीतला कागद हळूहळू कानडी झाला. मग १९५६ पूर्वीचा प्रत्येक मराठी कागद, मग ती साऱ्याची पावती असो, शाळेचा दाखला असो की म्युनिसिपालिटीचा घरपट्टीचा चिठोरा असो, लोकांना नुसता कागद वाटेना; पुरावा वाटू लागला. आम्ही इथलेच, आमची भाषा हीच, याचा पुरावा. त्यात १९७४ नंतर कूळकायद्याची प्रकरणे आली, तेव्हा कुळाने आणि मालकाने दोघांनीही कागद धुंडाळले. २००० च्या सुमारास राज्यातले जमिनीचे उतारे संगणकावर गेले. तरी नावात चूक निघाली की मूळ कागदाची आठवण होतेच. अशा घरांना "जुने ते टाका, मोकळे व्हा" असे सांगणारा माणूस शहाणा खरा, पण परगावचा.

मग ठेवायचे तरी काय आणि काढायचे काय? इथे दोन माणसांची आठवण मला नेहमी होते.

पहिले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो पानिपतच्या काळातील पत्रांचा; पुढे एकंदर बावीस खंड झाले. ही पत्रे त्यांना सरकारी कपाटात मिळाली नाहीत; वाईत एका घरी मिळाली, आणि पुढची गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून. पुष्कळांनी दप्तर दाखवायलाच नकार दिला. कागद बाहेर गेला तर इनाम जाईल हीच जुनी धास्ती. उलट काही घरांत तेच कागद बंबात गेले होते, वाण्याकडे पुड्यांसाठी गेले होते, नदीत सोडले गेले होते. म्हणजे एकाच समाजात एक घर कागद दाखवीत नाही आणि शेजारचे घर जाळते. मधला मार्ग, म्हणजे सोडून बघावे, वाचावे आणि मग ठरवावे, तो फार थोड्यांना सुचला. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते या मधल्या मार्गासाठी.

दुसरे रियासतकार गो. स. सरदेसाई. बडोद्याचे वाचक त्यांना आपले मानतील, कारण त्यांच्या नोकरीची सारी वर्षे सयाजीराव महाराजांकडे गेली. १९२५ साली निवृत्त होऊन ते कामशेतला राहिले. या निवृत्त माणसापुढे पुण्याच्या पेशवे दप्तराचा डोंगर आला. तीस हजारांहून अधिक रुमाल! एका रुमालात शेकडो कागद, बहुतेक मोडी, त्यात जमाखर्च, हिशेब, पत्रे सगळे मिसळलेले. कुणीही हातपाय गाळले असते. रियासतकारांनी मदतनीस बसवले आणि रुमाल सोडायला सुरुवात केली. सारे वाचू म्हटले असते तर एक आयुष्य पुरले नसते. म्हणून चाळायचे, राजकारणाचे, महत्त्वाचे पत्र वेगळे काढायचे, उरलेले पुन्हा बांधायचे. जदुनाथ सरकारांसारखा इतिहासकार पाठीशी होता. १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून झाले. निवड घाईची झाली, हिशेबाच्या कागदांकडे दुर्लक्ष झाले असे म्हणणारे आहेत, आणि आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे मला पटते. पण रियासतकारांनी काही जाळले नाही. बाजूला ठेवलेला रुमाल पुढच्या अभ्यासकासाठी शाबूत राहिला. घर आवरणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

गेली तीन वर्षे आमच्या ट्रंकेशी मी याच रीतीने वागतो आहे. दिवाळीच्या आठवड्यात हे काम काढायचे नाही. त्या घाईत हात फक्त टाकण्याकडे जातो. पाऊस सरल्यावर ऊन पडले की महिन्यातून एका रविवारी एक रुमाल, तासभर. जुने धोतर पसरून त्यावर कागद सोडायचे. उन्हात घालायचे नाहीत, सावलीतल्या वाऱ्यावर ठेवायचे. घडी कडक असेल तर ओढून उघडायची नाही. तीन ढीग करायचे: जमिनीचे व घराचे, माणसांचे, आणि कळत नाहीत ते. टाकायचा ढीग पहिल्या दिवशी करायचाच नाही. तो आपोआप तयार होतो. १९८० च्या सुमाराची विजेची बिले, न छापलेल्या लग्नपत्रिकांचे मसुदे, दोनदा-तीनदा उतरवलेल्या एकाच अर्जाच्या नकला. पहिल्या वर्षी आमच्या घरातून अशी दोन पोती रद्दी गेली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, एवढं तर माझ्या लग्नात माहेरहून सामानही आलं नव्हतं!"

कागद कधीचा, एवढे कळले तरी निम्मे काम होते. शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवावेत, फसली असेल तर ५९०. वर्ष मध्येच बदलत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो, पण घरच्या कामाला तेवढे चालते. जुन्या मोडी पत्रांत सुहूर सन असतो आणि तो अंकांत नव्हे, अरबी शब्दांत. 'इहिदे समानीन मया व अलफ' म्हणजे एक, ऐंशी, शंभर आणि हजार, मिळून ११८१. त्यात ५९९ घाला, १७८० आले. आधी भुताटकीचा मंत्र वाटतो. चार वेळा मोजले की पाढ्यासारखे होते.

मोडी वाचणे मला बेताचेच येते. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरे टांगायची, लेखणी शक्यतो उचलायची नाही, ही तिची चाल. आमच्या भागात कानडी बोलणाऱ्या कित्येक गावांची कुलकर्णी दप्तरेही याच लिपीत आहेत, म्हणून हा कागद एकट्या मराठी घरांचा नाही. आमच्या तिसऱ्या ढिगात १९५६ नंतरच्या काही कानडी पावत्या निघाल्या. त्या आमच्या पुतणीने घडाघडा वाचल्या. ती कानडी शाळेत शिकली. मग तिने त्यांच्याखालचा मोडी कागद उचलला आणि विचारले, "काका, यात आपल्या शेताचं नाव आहे का?" नाव होते. सर्व्हे नंबर नव्हता, चतुःसीमा होत्या: पूर्वेस ओढा, दक्षिणेस देवाचे रान. कानडी पावतीतला नंबर आणि मोडीतला ओढा जुळवायला आम्हाला दोन रविवार लागले.

आता प्रत्येक रुमालावर चिठ्ठी असते: आत काय आहे, कोणत्या वर्षांचे, कुणी वाचले. चिठ्ठी बाळबोधात मी लिहितो, तिच्याखाली कानडीत पुतणी लिहिते. कडुलिंबाचा वाळका पाला आणि वेखंडाचा तुकडा घालून रुमाल बांधतो. महत्त्वाच्या कागदांचे फोटो ती मोबाइलवर काढते. वाचून झालेले नऊ रुमाल आता कपाटात आहेत. माळ्यावर अजून चौदा आहेत.